आक्काच्या वयाचं गणित

आमच्या घरात वर्ष-दीड वर्ष असं गेलं, की वय हा शब्द कुणी मोठ्यानं काढत नसे. ओसरीवर पाहुणे बसलेले असत. चहा होई. तंबाखूचं पीक, विहिरीचं पाणी, कुणाच्या बैलाला काय झालं, हे सगळं बोलून होई आणि मग त्यातला एखादा म्हणे, "थोरली केवढी हो तुमची?" आप्पा पानाला चुना लावत असत. मान वर न करता ते म्हणत, "तेवीस सरून चोविसावं लागलंय." आत चुलीपुढं आक्काचा भाकरी थापणारा हात थांबे. ऐकणाऱ्याला वाटावं पीठ घ्यायला थांबलाय, एवढाच थांबे. मग पुन्हा थापायचा आवाज सुरू. आक्काला तेविसावं सरलं तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि चौथीत होते. हे मला पक्कं ठाऊक होतं, आप्पांना ठाऊक होतं, अव्वाला ठाऊक होतं. पण मी आता नववीत गेले होते आणि आक्का अजून तेविसातच होती.

आमचं गाव निपाणीपासून पाऊण तास चालत. तंबाखूच्या दिवसांत गावाचा वास दोन शेतांवरून नाकात शिरायचा. परगावचा माणूस आला की पहिल्यांदा शिंकायचा आणि मग बोलायचा. अंगणात तंबाखू वाळत पडलेला, परड्यात तंबाखू, कपड्यांच्या घड्यांत तंबाखू. त्या वासात माझी आई, म्हणजे अव्वा, माजघरातल्या खाटेवर बसून असायची. तिला दमा होता. आडवं झालं की श्वास अडकायचा, म्हणून ती दोन उशांना टेकून बसल्या बसल्याच झोपायची. अव्वाचं माहेर चिकोडीकडचं, कानडी. आमच्याशी ती मराठी बोले, पण दुखलं, राग आला किंवा देवाचं काही म्हणायचं असलं, की कानडीवर जाई. हाक मारायला तिच्यापाशी दम नसे. तिच्या उशाशी एक पितळी वाटी असायची. ती वाटी खाटेच्या खुरावर एकदा वाजली की पाणी, दोनदा वाजली की पाठ चोळायला या. अजूनही कुठं लग्नघरात भांड्यावर भांडं आपटलं, तर माझी मान आपोआप वळते.

वाटी वाजली की उठायचं ते आक्कानं. तिचं नाव सुमती, पण मी तिला आक्काशिवाय कधी काही म्हटलं नाही. आमच्या दोघींत चौदा वर्षांचं अंतर. मधली दोन भावंडं जगली नाहीत. आक्काची सातवीची परीक्षा झाली आणि उन्हाळ्यात माझा जन्म झाला, आणि त्या बाळंतपणातून अव्वा नीट उठलीच नाही. आक्काचं नाव पुढच्या वर्गात घातलं नाही. आठवीची पुस्तकं आणायला म्हणून आप्पा निपाणीला गेले आणि माझ्यासाठी झबली घेऊन परत आले, असं आक्का हसत सांगायची. मला चमच्यानं दूध तिनं पाजलं, बोट धरून बस्तीत, म्हणजे आमच्या जैन देवळात, देवदर्शनाला तिनं नेलं, वेणी तिनं घातली. चातुर्मासात कांदा, लसूण, पालेभाजी सगळं बंद. त्या दिवसांत ती नुसत्या मुगाची आमटी करायची आणि वरून जिरं-सुक्या मिरचीची अशी फोडणी द्यायची, की शेजारच्या काकू वाटी घेऊन यायच्या. शाळेत जाताना माझ्या डब्यात भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि चटणीला खळगा करून त्यात लोण्याचा गोळा. मी निपाणीला पोचेपर्यंत लोणी वितळून भाकरी लाल झालेली असायची.

निपाणीच्या हायस्कुलात नववीला आम्हाला मगदूम सर बीजगणित शिकवत. उंच, वाळकुडे, बाहीला कायम खडूची भुकटी. सूत्रं पोरं पाठ करीत, बेरीज-वजाबाकी ओढून नेत, पण शाब्दिक उदाहरणं आली की वर्ग खाली बघायला लागायचा. नाव प्रवाहाच्या दिशेनं जाते, उलट दिशेनं येते. दोन अंकी संख्येतल्या अंकांची अदलाबदल होते. बापाचं वय मुलाच्या चौपट असतं. एवढ्या शब्दांत समीकरण कुठं दडलंय तेच दिसायचं नाही. सर म्हणायचे, "घाबरू नका. जे माहीत नाही त्याला आधी नाव द्या. समजा क्ष. नाव दिलं की ते पळून जात नाही." आणि दुसरी एक गोष्ट सांगायचे, ती मी पुढं माझ्या विद्यार्थ्यांना बत्तीस वर्षं सांगितली. "'आहे' हा शब्द म्हणजे बरोबरचं चिन्ह. पण मराठीत 'आहे' वाक्याच्या शेवटी येतं आणि बरोबरचं चिन्ह मधे बसतं. ती मधली जागा कुठली, तेवढं शोधा. बाकी सगळं हमाली काम." मला ती जागा दिसायला लागली. एक दिवस अचानक दिसायला लागली, सायकल यायला लागते तशी. 'पाचनं मोठी' आणि 'पाचपट मोठी' ह्यांत केवढा फरक आहे हे मला कळलं. वाक्य वाचता वाचता शब्द गळून पडायचे आणि मागं दोन तागड्या समान झालेला तराजू उरायचा. त्या वयात मला दुसरं कसलंच वेड नव्हतं.

संध्याकाळी दिवस मावळायच्या आत आमची जेवणं होत, म्हणून शाळेतून आले की मी थेट स्वैपाकघरात. आक्का भाकऱ्या करायची आणि मी चुलीच्या उजेडाला पुस्तक धरून उदाहरणं मोठ्यानं वाचायची. आक्काला समीकरण येत नव्हतं. क्ष म्हटलं की ती म्हणायची, "तुझा क्षय-बिय नको मला, आकडं सांग." पण तिचं उत्तर माझ्या आधी यायचं. ती नुसतं पिठाकडं बघत काहीतरी पुटपुटायची, बोटांची पेरं अंगठ्यानं मोजायची आणि म्हणायची, "बाप चाळीस, पोरगा धा. बघ जुळतंय का." जुळायचं. मी म्हणायची, "पण मांडणी कुठं आहे? मार्क मांडणीला असतात." ती म्हणायची, "मार्क तुला, उत्तर मला."

त्याच दिवसांत एकदा तिनं भाकरी तव्यावर टाकून बोटं मोजली आणि एकदम हसली. "विजे, ह्या साली मी तुझ्या बरूबर दुप्पट झाले की गं! तू चौदा, मी अठ्ठावीस." मी वहीवर मांडून बघितलं. मग मला सुचलं की सात वर्षांमागं ती माझ्या तिप्पट असणार. मी सात, ती एकवीस. आणि दुप्पट ही आयुष्यात एकदाच होते. पुढच्या वर्षी मी पंधरा, ती एकोणतीस, संपलं. मी ते गणित पूर्ण वाक्यांत लिहून काढलं आणि तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "झ्याक हाय. पर भाईर वाचू नको." आणि माजघराकडं बघून तिनं ओठांवर बोट ठेवलं. दोघी हसलो. आक्काचं खरं वय हे आमच्या दोघींचं गुपित झालं. मला त्याचा अभिमान वाटला होता, हेही लिहून ठेवते.

आक्काला स्थळं आली नव्हती असं नाही. विसाव्या-बाविसाव्या वर्षी चांगली दोन आली होती. एकदा आप्पा म्हणाले, अव्वा जरा बरी होऊ दे. दुसऱ्यांदा म्हणाले, धाकटी जरा मोठी होऊ दे. आप्पा वाईट माणूस नव्हते. दुष्टपणानं त्यांनी काही केलं नाही. जे सोयीचं होतं ते एकेक वर्षानं पुढं ढकलत नेलं, आणि ती वर्षं आक्काच्या अंगावर साठत गेली. मग एक दिवस मी खरंच मोठी झाले. न्हाण आलं. त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांत आप्पांनी स्थळं बघायला सुरुवात केली आणि आक्काची पाच वर्षं एका वाक्यात पुसून टाकली.

चिकोडीजवळच्या एका गावाहून स्थळ आलं. मुलगा साखर कारखान्याच्या कचेरीत नोकरीला, घरची शेती. मुलाची आई एकदा येऊन आक्काला बघून गेली होती. तिला आक्काच्या हातची शेंगापोळी आवडली, अव्वाची ती करत असलेली सेवा आवडली. आता मुलगा स्वतः येणार होता, आणि आईसोबत मुलाचे मामाही, जे हायस्कुलातून निवृत्त झालेले गणिताचे मास्तर होते. त्यांचा शब्द त्या घरात शेवटचा.

ते यायच्या चार दिवस आधी जेवताना आप्पा अव्वाला म्हणाले, आणि ते मी समोर बसले असताना म्हणाले, "सुमीचं ठरलं की विजूचं नाव काढू या शाळंतनं. मार्चपतोर जाऊ दे म्हटलं तर जाऊ दे. पर घरात बाई नको? तुझं कोन बघणार?" आक्का वाढत होती. ती म्हणाली, "आप्पा, ती हुशार हाय. सर म्हणतात—" आप्पा म्हणाले, "तूबी हुशार हुतीस. अडलं काय?" माझ्या तोंडात घास होता. तो गिळला की नाही आठवत नाही. आक्कानं माझ्या ताटात मला नको असताना अर्धी भाकरी वाढली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. त्या चार दिवसांत मी कुणाशी भांडले नाही, रडले नाही. मुकाट्यानं अव्वाची पाठ चोळून बघितली. वाटी दोनदा वाजली की उठले. हे आता कायमचं, असं मनाशी म्हणून बघत होते.

पाहुणे दुपारी जीपनं आले. आक्कानं सकाळीच मला विचारलं होतं, "हे हिरवं लुगडं लई भडक तर न्हाय न्हवं?" तिच्या आवाजात असं काही होतं, जे मी कधी ऐकलं नव्हतं. मुलगा सावळा, शांत, खाली बघून बोलणारा. वय सव्वीस, असं त्याच्या आईनंच सांगितलं. आक्कानं उप्पीट आणि शिरा आणून ठेवला आणि अव्वाच्या खाटेजवळ सतरंजीवर बसली. मुलानं उप्पीट परत मागून घेतलं. परत मागताना त्यानं आक्काकडं बघितलं आणि आक्कानं त्याच्याकडं. एवढंच. पण एवढं सुद्धा त्या घरात आधी कधी झालं नव्हतं. मास्तर खुशीत होते. त्यांनी मला जवळ बोलावलं.

"काय गं, कितवीत?"

"नववीत."

"बीजगणितात काय चाललंय?"

"शाब्दिक उदाहरणं. समीकरण मांडायची."

मास्तरांनी मांडीवर थाप मारली. "आता कसं! पंचवीस वर्षं तेच केलं. पोरं त्यालाच भितात. तू भितीस का?"

"नाही."

"मग घाल बघू मला एक. चुकलो तर तुझी परीक्षा पास."

सगळे हसले. आप्पाही हसले, कौतुकानं. माझ्यासमोर त्या क्षणी किमान पाच उदाहरणं होती. नावेचं होतं. दोन अंकी संख्येचं होतं, ते मला फार आवडायचं. आंब्यांच्या करंडीचं होतं. ती सगळी माझ्या ओठांवर आली होती, हे मी शपथेवर सांगू शकते. मी म्हणाले, "मोठ्या बहिणीचं वय आज धाकटीच्या वयाच्या दुप्पट आहे. सात वर्षांपूर्वी ते धाकटीच्या तिप्पट होतं. तर दोघींची आजची वयं किती?"

मास्तरांनी डोळे मिटून घेतले. बोटानं हवेत लिहीत ते मोठ्यानं बोलत गेले. "समजा धाकटी क्ष. मोठी दोन क्ष. सात वर्षांमागं क्ष वजा सात, दोन क्ष वजा सात. दोन क्ष वजा सात बरोबर तीन क्ष वजा एकवीस. म्हणजे क्ष बरोबर चौदा. धाकटी चौदा, मोठी अठ्ठावीस. बरोबर?"

"बरोबर."

"वा! स्वच्छ उदाहरण आहे. पुस्तकातलं?"

"नाही. मी तयार केलंय."

"शाबास. तुझं वय काय, बाळ?"

"चौदा," मी म्हणाले.

मास्तरांच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. ते तसंच राहिलं आणि त्याच्या मागं दुसरं काहीतरी आलं. त्यांनी आप्पांकडं बघितलं. आप्पा पानाचा देठ खुडत होते. मास्तर भला माणूस होता. ते पटकन म्हणाले, "पाण्याचा तांब्या दे बघू, विजया. चांगली पोर आहे हो." त्यांना ते तिथंच झाकायचं होतं. पण मुलाची आई पुढं सरकली.

"दादा, थांबा जरा. ही चौदाची. आन दुप्पट म्हंजे? कुठल्या भैनी ह्या?"

"अगं, गणित आहे ते. गणितातल्या बहिणी."

"पोराटकीचं काय धरताय वैनी," आप्पा म्हणाले. "शाळंत शिकलेलं घडाघडा म्हणती ती."

बाईनं आप्पांकडं बघितलंच नाही. ती आक्काकडं वळली. रागानं नाही, नीट समजुतीनं म्हणाली, "बाळ, तू सांग. तू म्हणशील ते मी खरं धरते. तुझं वय काय?"

अव्वाचा श्वास तेवढा ऐकू येत होता. आक्कानं मान वर केली. तिनं आधी माझ्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग ती म्हणाली, "अठ्ठावीस."

"आमच्या पोरापेक्षा दोन वर्सांनी थोरली," बाई म्हणाली. ती कुणाला म्हणाली कोण जाणे. मुलानं ताटली खाली ठेवली, उप्पीट अर्धं तसंच होतं. जाताना मास्तरांनी आप्पांना हात जोडले आणि म्हणाले, "पाटील, पोरी दोन्ही सोन्यासारख्या आहेत. तुम्ही तेवढं खरं सांगायला पायजे होतं." जीप गेली. आक्कानं ताटल्या गोळा केल्या, राखेनं घासल्या, लुगडं बदललं. वाटी दोनदा वाजली आणि ती अव्वाची पाठ चोळायला गेली.

मला कुणी मारलं नाही. आप्पा त्या संध्याकाळी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी शेजारची काकू भांडायला आली, 'कार्टीनं तोंड घातलं म्हणून असं झालं' म्हणायला लागली, तर आप्पाच म्हणाले, "पोर हाय. तिला काय कळतंय त्यातलं. शाळंतलं गणित, शाळंतल्यावानी बोलली." अव्वानं मला जवळ घेतलं आणि कानडीत काहीतरी पुटपुटली. सगळ्यांनी मिळून मला माफ केलं. माझा गुन्हा काय, हे कुणी विचारलंच नाही. मी मान खाली घालून उभी राहिले आणि ती माफी घेतली. चौदा वर्षांच्या मुलीला काय कळतंय! चौदा वर्षांच्या मुलीला सगळं कळतं. आक्काचं ठरलं तर माझी शाळा जाते, आक्काचं मोडलं तर राहते. त्यात मांडायला अवघड असं काहीच नव्हतं.

आमच्या समाजात सोयरीक सगळी त्याच दहा-पंधरा गावांत फिरते. पाटलांनी पोरीचं वय चोरलं, ही गोष्ट पावसाळ्याच्या आत सगळीकडं पोचली. त्यानंतर आक्काला दोन स्थळं आली, दोन्ही बिजवर. एकाची पोरं माझ्याहून मोठी होती. आक्कानं स्वतः नको म्हटलं, आणि आप्पांना आता तिच्यावर जोर करायचं तोंड नव्हतं. माझं नाव शाळेतून काढायची गोष्ट पुन्हा निघाली नाही. घरात बाई होती. मी दहावीला शाळेत पहिली आले, निपाणीच्या कॉलेजात गेले, पुढं बेळगावला वसतिगृहात राहून शिकले, शिक्षिका झाले. दर सुट्टीला घरी आले की आक्का दारातूनच विचारायची, "किती मार्क पडलं?" मी सांगायची. ती ते शेजारणींना सांगायला जायची. तिचा तो आनंद मला बघवायचा नाही आणि टाळताही यायचा नाही.

अव्वा गेली, काही वर्षांनी आप्पा गेले. शेती चुलत्याच्या मुलाकडं गेली. घराच्या पुढच्या दोन खोल्या आक्काला राहिल्या. तिथं ती शिवणाचं मशीन घेऊन बसली, गावातल्या पोरींची झंपरं शिवून राहिली. माझे यजमान उद्यमबागेत एका फाउंड्रीत होते, आमचं बेळगावात घर झालं, मुलं झाली. मी आक्काला कितीदा म्हटलं, आमच्याकडं ये. ती म्हणायची, "तुझ्या शहरात पाण्याला वास येतो." तंबाखूच्या वासात जन्म गेलेली बाई हे म्हणायची. मी जास्त आग्रह धरला नाही. खरं सांगायचं तर ती रोज समोर असायला मला नको होती.

मी निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात पोरांनी भाषणं केली. बाईंनी आम्हाला शाब्दिक उदाहरणांची भीती घालवली, असं एक पोरगी म्हणाली आणि रडली. त्या आठवड्यात मी निपाणीची बस धरली. म्हटलं, आता हे बोलून टाकायचं. माझंही वय झालं, तिचंही. आक्का तेव्हा पंचाहत्तरीच्या जवळ आली होती, गुडघ्यांनी पार बसली होती, पण डोळे चांगले. मला बघून तिचा चेहरा फुलला. "विजे, आधी जेव," म्हणाली. जेवण झाल्यावर ती भिंतीला टेकून पाय लांब करून बसली आणि मी तिच्या पायांना तेल लावायला घेतलं. तेल लावता लावता, तिच्या तोंडाकडं न बघता, मी म्हणाले, "आक्का, ते चिकोडीकडचे पाहुणे आले होते ना. मी ते गणित मुद्दाम घातलं होतं. मला सगळं कळत होतं."

मला वाटलं होतं ती पाय ओढून घेईल. ती हसली.

"येडे, मला ठावं न्हाय व्हय? गणित मास्तरास्नी घालत हुतीस आन बघत हुतीस माझ्याकडं. तवाच वळखलं मी."

"मग कधी बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं त्यात? लेकरू हुतीस. अव्वानं जन्म दिला, पर तू माझ्याच अंगावर वाढलीस. मी गेल्यावर तुला करमलं नसतं. आक्का जाऊ नको असं तोंडानं म्हणता येईना, म्हून गणितात म्हणालीस." तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. "त्या बाईनं इचारलं तवा मी तेवीस म्हणाले असते, तर कोन दाखला मागणार हुतं? पर तुझं त्वांड बघितलं आन म्हटलं, ऱ्हाऊ दे. हिला मी पायजे हाय. एवढं कुणाला तरी मी पायजे हाय, मग कशाला जायाचं?" ती पुढं म्हणाली, "बाकीच्या बाया म्हणतात, आमची पोरं आमास्नी इचारत न्हाईत. मी म्हणते, माझ्या विजीनं मला जाऊ दिलं न्हाई."

इथं मी गप्प बसायला हवं होतं. ह्या जागेवर मी दर दोन-चार दिवसांनी येऊन थांबते. तिच्यापाशी तेवढं एक होतं, आणि त्यानं माझं काही बिघडत नव्हतं. पण मी बेळगावहून खरं बोलायला म्हणून आले होते, आणि अर्धवट खरं बोलून परत जायला माझं मन होईना. मला मोकळं व्हायचं होतं. मी म्हणाले, "तसं नव्हतं गं आक्का. आप्पा शाळा सोडवणार होते. तू गेलीस तर माझी शाळा जाणार होती. म्हणून."

तिचा हात माझ्या डोक्यावर होता, तो तसाच राहिला. मग तो निघाला.

"शाळंसाठी व्हय?"

"हो."

"दुसरं काय न्हाय?"

खोटं बोलायची ती दुसरी संधी होती. मी तीही घेतली नाही. आक्कानं लुगडं सारखं करून पाय झाकून घेतले. म्हणाली, "तेल बास. डाग पडतील तुझ्या साडीला." नंतर ती दुधाचं, शेजाऱ्यांच्या म्हशीचं बोलत राहिली. मी बस धरून परत आले. बसमध्ये मला हलकं वाटलं होतं. वाटेतलं संकेश्वर येईपर्यंत ते टिकलं.

त्यानंतर आक्का दोन वर्षं जगली. मी अगदी नेमानं जात राहिले, पूर्वीपेक्षा जास्त. तिनं कधी दार लावलं नाही, कधी वाकडं बोलली नाही. तेल लावायला मात्र तिनं गावातली एक पोरगी ठरवली. त्या बोलण्यानंतर पहिल्यांदा गेले तेव्हा दारातूनच मी हाक मारली, "आक्का!" ती मशीनवर होती. गुडघ्यावर हात टेकून ती उठली, डोक्यावरचा पदर सारखा केला, कोपऱ्यातली सतरंजी झटकून घातली आणि गावातली सगळी माणसं शिक्षिकेला म्हणतात तसं मला म्हणाली, "या बाई. बसा. च्या घेणार न्हवं तुम्ही?"

मी बसले.